दोन्हीवाले

आमच्या दादाला शुगर आहे हे गावाला माहीत होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. उलट शुगर ही आमच्याकडे थोडी मानाची गोष्ट आहे. ज्याला शुगर, तो खाऊनपिऊन सुखी, असा लोकांचा हिशेब. पंगतीत एखादा ताटावर आडवा हात धरून "नको, शुगर हाय" म्हणतो, तेव्हा त्याची जमीन बागायती असावी असं ऐकणाऱ्याला वाटतं. दादा हे वाक्य फार छान म्हणायचा. म्हणून झालं की बुंदी घ्यायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव तामलवाडीपासून थोडं आत आहे, घर एकत्र आहे. शेती दादा बघतो. मी गावच्या दूध केंद्रावर दुधाची फॅट मोजतो. यंत्र जो आकडा दाखवतं तोच मी मोठ्यानं सांगतो, त्यामुळे गावात मला मित्र कमी आहेत.

दादा वाळायला लागला तेव्हा सगळ्यांनी ते शुगरवरच घातलं. बोटातली अंगठी निसटू लागली, तर त्यानं तिला आतून दोरा गुंडाळला. संध्याकाळी अंगात कणकण, झोपेत घाम, आणि खोकला. आधी कोरडा, मग बेडका पडू लागला. खोकलाही शुगरचाच, असं दादाचं म्हणणं.

"दादा, शुगर रक्तात असते. खोकला छातीतून येतो," मी म्हणालो.

"आन् छातीत रगत न्हाय व्हय?"

शेवटी मी त्याला तुळजापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. बेडका तपासला, छातीचा फोटो काढला, शुगर तपासली. शुगर तीनशे चाळीस निघाली, आणि बेडक्यात क्षयाचे जंतू.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. ते म्हणाले, "काका, शुगर वाढलेली असली की अंगाची राखण करणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. मग टीबीला आत शिरायला सोपं जातं. आणि टीबी अंगात असला की शुगर आणखी वाढते. त्यात टीबीच्या ज्या गोळीनं लघवी केशरी होते, तिनंच तुमच्या शुगरच्या गोळीचा जोर कमी होतो. म्हणजे दोघं एकमेकांना धरून आहेत. टीबीच्या गोळ्या कितीही नेमानं घेतल्या आणि शुगर अशीच राहिली, तर जंतू जायला वेळ लागतो. गेले तरी परत येऊ शकतात."

दादानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी त्या दोघांची सोयरीकच झालीय की?"

"तसंच समजा."

"मग मोडायची कशी?"

"शुगर ताब्यात ठेवून. दोन महिन्यांनी बेडका परत तपासू. तो साफ आला पाहिजे."

सोयरीक हा शब्द दादाच्या तोंडी उगाच आला नव्हता. त्याच्या मुलीचं, माझ्या पुतणीचं, माकणीला ठरलं होतं. साखरपुडा त्या दोन महिन्यांनंतरच करायचा होता. वहिनीही आमच्याबरोबर आल्या होत्या. येताना फाट्यावर एसटीतून उतरल्यावर माझ्याकडे वळल्या.

"भावजी, गावात काय सांगायचं?"

"खरं तेच. गोळ्यांनी बरा होतो तो आजार."

"तुमी फॅटचा आकडा सांगितल्यावानी सांगताल आन् माज्या पोरीचं मोडंल. क्षयाच्या घरातली पोरगी म्हणतील. शुगर हाय म्हणून सांगायचं. खोटं थोडंच हाय? हाय की शुगर."

हा मुद्दा बिनतोड होता. वहिनींनी अर्धं सत्य ठरवलं आणि आम्ही सगळे त्याला बांधले गेलो. अडचण एवढीच होती की क्षयाच्या उपचारात जे जे करावं लागतं, ते सगळं आता शुगरच्या नावावर टाकायचं होतं.

पहिला प्रश्न मास्कचा आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सुरुवातीला तोंडावर मास्क, आणि झोपायला मोकळी हवा. म्हणून दादाची बाज ओसरीवरून अंगणात आली आणि दादा मास्क लावून तिच्यावर बसू लागला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. दुकानदाराला स्वतःला शुगर आहे, आणि तो दिवसभर साखर जोखतो. तो मुद्दाम बघायला आला.

"दादा, तोंड का बांधलंय?"

दादानं माझ्याकडे बघितलं. मी वहिनींकडे. वहिनी भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितलं, "डाक्टर म्हणले, शुगरवाल्याचं तोंड उघडं ऱ्हायलं की हात गोडाकडं जातो. म्हणून बांधून ठिवलंय."

मला वाटलं आता दुकानदार हसेल. तो हसला नाही. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "बरोबर हाय. जनावराला मुसकी बांधतोच की आपण."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात मास्क लावून बसला. त्याचं बघून आणखी काही शुगरवाल्यांनी लावले. घरच्या बायकांनी हे फार उचलून धरलं. एका काकूंनी तर दूध घालायला आल्यावर मला सांगितलं, "आमचे मालक आता चहा मागायला बी मास्क काढीत न्हाईत. लई गुण हाय त्याला."

मग शेळी आली. आमच्या आत्याच्या सासरी शेळ्यामेंढ्यांचा व्यवसाय. आत्याला आम्ही खरं सांगितलं होतं, कारण तिच्यापासून काही लपत नाही. तिनं एक काळीभोर दुभती शेळी पाठवली आणि सोबत निरोप, की ही बाजेजवळ बांधा, शेळीच्या वाऱ्यानं छाती निवळते. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. शेळीच म्हणालात ना, असं त्यांनी आधी विचारून घेतलं. मग म्हणाले, "शेळीनं काही होत नाही. गोळ्या चालू आहेत ना? दूध प्यायचं तर उकळून प्या."

शेळी बाजेला बांधली गेली. ती दादाच्या उशाशी तोंड ठेवून रवंथ करी आणि दादा तिच्याशी शेतीचं बोले. दुकानदारानं शेळी बघितली.

"ही बी शुगरला?"

"दूध," वहिनी म्हणाल्या. "बिनसाखरेचं असतं."

दुधात काय असतं हे मला नेमकं माहीत आहे. तेच माझं काम आहे. पण वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी शेळीला पाला टाकायला उठलो. त्या आठवड्यात केंद्रावर कधी नव्हे ते लोक शेळीचं दूध मागू लागले.

बाहेर हे चाललेलं, आणि घरात दोन पक्ष पडलेले. वहिनींचा पक्ष म्हणे, क्षयाच्या माणसाला खाऊ घाला. माझी बायको म्हणे, शुगरच्या माणसाला आवरा. एकीनं अंडी उकडावीत, दुसरीनं कारल्याचा रस पुढे करावा. दोन्ही दादाच्या पोटात जाई. अंडी, डाळ, शेंगदाणे ठीक होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण आत्या शेळीपाठोपाठ डिंकाचे लाडूही पाठवत होती. आणि दादानं साखर सोडली होती ती अगदी निष्ठेनं. चहात तो गूळ घालून घ्यायचा.

"दादा, गूळ म्हणजे साखरच."

"कशी? साखर कारखान्यात होती. गूळ आपल्या रानातला."

"ऊस तोच आहे."

"ऊस त्योच, पर गुळाला कुणी इंजनाचा धूर न्हाय लावला." हे बोलताना तो खोकला, आणि शेळी दचकून उठली.

त्यातच पेटी आली. क्षयाच्या रुग्णांना पोषणासाठी धान्याची पेटी द्यायची अशी सोय आहे, आणि तालुक्यातल्या एका दानशूर गृहस्थांनी आमच्या भागातल्या रुग्णांसाठी ती कबूल केली होती. दादाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी त्यांना बजावलं होतं की गुपचूप द्या. गृहस्थ गुपचूप आले, पण त्यांच्याबरोबर दोन गाड्या आणि एक फोटोग्राफर आला. दादाला बाजेवरून उठवलं, पेटी हातात दिली.

"काका, जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला.

"मास्कातून कसं दिसंल?"

"डोळ्यांनी हसा."

दादा डोळ्यांनी हसला. शेळीही फोटोत आली. गाड्या गेल्या आणि गल्लीनं पेटी उघडून बघितली. तूरडाळ, तेल, शेंगदाणे, मटकी आणि सगळ्यात वर गुळाची ढेप. दादानं माझ्याकडे बघितलं. सरकारदरबारी आपला मुद्दा मान्य झाल्यासारखं ते बघणं होतं.

दुकानदारानं पेटी चारी बाजूंनी तपासली. "हे कशाबद्दल?"

वहिनींना इथे पहिल्यांदा सुचेना. मग म्हणाल्या, "शुगरबद्दल."

यानंतर जे झालं त्याचा अंदाज मला यायला हवा होता. सकाळी गावातले झाडून सगळे शुगरवाले, बरेचसे मास्क लावून, आशाताईंच्या दारात उभे. पुढे दुकानदार.

"आमाला पेटी का न्हाय? दादाचीच शुगर काय सोन्याची हाय का?"

"मामा, तशी पेटी नसते."

"मास्क आमी लावला, शेळीचं दूध आमी पितो, मग पेटीलाच आमी परके?"

आशाताईंपुढे दोन वाटा होत्या. खरं सांगावं तर दादाचं गुपित फुटतं. नाही सांगावं तर हे लोक हलत नाहीत. शेवटी त्यांनी जे सांगितलं ते खोटंही नव्हतं. म्हणाल्या, "ज्याला शुगर आहे त्यानं आधी बेडका तपासून घ्यायचा. ज्याला खोकला, ताप असेल किंवा वजन उतरत असेल त्यानं तर नक्कीच. तपासल्याशिवाय पेटीचं नाव काढू नका."

एरवी बेडक्याची डबी हातात धरायला लोक लाजतात. पण पेटीसाठी सगळ्या गावानं खाकरून दिलं. ज्यांना बेडका येईना ते आशाताईंच्या ओट्यावर बसून एकमेकांना ठसका कसा आणायचा ते शिकवत होते. दुकानदारानं पहिली डबी तंबाखूनं लाल करून दिली, ती परत आली. सगळे साफ निघाले. आपल्याला काही झालेलं नाही हे कळल्यावर इतकी नाराज माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

दोन महिने झाले. आम्ही दादाला घेऊन तुळजापूरला गेलो. बेडक्यात जंतू अजून होते. शुगर तीनशेच्या वर होती.

डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज बदलला. औषधाला जंतू दाद देतात का याची तपासणी त्यांनी लावली, ती दुपारपर्यंत ठीक आली. "म्हणजे औषध चालतंय. शुगर आड येतेय," ते म्हणाले. "आता गोळ्यांवर भागणार नाही. इन्सुलिन घ्यावं लागेल. रोज. आणि काका, गूळ बंद."

दादा म्हणाला, "गूळ सोडतो. सुई न्हाय."

घरी आल्यावर मी त्याला समजावलं. वहिनी रडल्या. पुतणी त्याच्यासमोर बसून राहिली. त्याचं एकच म्हणणं, की शेजारच्या वस्तीवरच्या एकाला सुई लागली आणि तो वर्षात गेला. सुई ही शेवटची पायरी. तो माणूस सुईनं गेला नव्हता, सुई लावायला उशीर केला म्हणून गेला होता, हे मी चार वेळा सांगितलं. दादा शेळीच्या कानामागे खाजवत राहिला. त्याच्या कोपरांची हाडं आता बाजेच्या खुरांसारखी दिसत होती. त्या दिवसांत मला प्रथमच भीती वाटली. आकडे वाईट होते, आणि माणूस ऐकत नव्हता.

अशात माकणीहून व्याही आले. होणारे व्याही. साखरपुड्याची तारीख पक्की करायला आलोय म्हणाले, पण बोलता बोलता गाडी दुसरीकडे वळली.

"पाव्हणं, आमच्या कानावर आलंय की तुमच्याकडं शुगरवाल्यास्नी पेटी मिळती?"

वहिनी आत चहा टाकत होत्या. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"तुम्हालाही शुगर आहे?" मी विचारलं.

"लई जुनी. त्यानंच वाळलोय बगा." एवढं बोलून ते खोकले. पाहुण्यासमोर दाबून खोकतात तसं, उपरण्यात तोंड घालून. चहाचा कप घेतला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं. अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला होता.

मी दादाच्या बोटाकडे बघितलं, परत त्यांच्याकडे बघितलं. मग वहिनींचीच वाट धरून म्हणालो, "पेटी मिळते. पण आधी शुगरवाल्यानं बेडका तपासायचा असा नियम आहे. तुमच्याकडेही असेल. उद्याच जा."

"पेटीसाठी काय बी करू," व्याही म्हणाले.

पुढे बरेच दिवस त्यांच्याकडून काही कळलं नाही. फोन केला की म्हणत, "शुगर जरा वाढलीय. साखरपुड्याचं बगू." वहिनींचा जीव टांगणीला लागला. "त्यास्नी कळलं," त्या म्हणत. "कुणीतरी सांगितलं."

दादाला डॉक्टरांनी धाराशिवला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं, शुगरच्या मोठ्या डॉक्टरांकडे. इन्सुलिनचं तेच बघतील म्हणाले. दादा यायला तयार झाला, पण सुई घ्यायला नाही. "नुसतं भेटून येतो," म्हणाला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर मास्क लावलेला एक माणूस खाली मान घालून बसला होता. दादानं त्याला ओळखलं. त्यानंही दादाला. पळायला दोघांनाही जागा नव्हती.

"रामराम पाव्हणं."

"रामराम. हिकडं कुठं?"

"शुगरचं जरा दाखवायला. तुमी?"

"शुगरच."

दादा त्यांच्या शेजारी बसला. मी पलीकडे उभा राहिलो.

"मास्क?" व्याह्यांनी विचारलं.

"गोड खाऊ न्हाय म्हणून. तुमचा?"

"मी बी त्याच्यासाठीच. तुमच्या गावातच बघितलं न्हवं का." थोडं थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "गोळ्या लई हायेत का तुमाला?"

"मूठभर."

"लघवी... जरा केशरी?"

दादानं हळूच मान हलवली. "शुगरच्या गोळ्याच तसल्या."

"व्हय. तसल्याच."

एवढ्यात आतून सिस्टर आल्या. त्यांच्या हातात केसपेपर होते आणि व्हरांड्यात गर्दी. त्या म्हणाल्या, "नुसती शुगर असलेले या ओळीत बसा. दोन्हीवाले आधी आत घ्यायचेत, त्यांना गर्दीत थांबवायचं नाही. दोन्हीवाले कोण आहेत?"

व्हरांड्यातले सगळे हलले, ओळीत गेले. बाकावर दादा आणि व्याही दोघंच राहिले. कुणी उठेना. सिस्टरनी परत विचारलं, "दोन्हीवाले?"

दादा भिंतीकडे बघत होता. व्याही उपरण्याचं टोक पिळत होते. मग दोघं एकदमच उठले, आणि एकमेकांच्या धक्क्यानं परत बसले.

"पाव्हणं," व्याही म्हणाले, "तुमी बी?"

"तुमी बी?"

"पेटी आणायला गेलो, तर हे निघालं." त्यांनी मास्क नीट वर ओढला. "पोराचं मोडंल म्हणून बोललो न्हाय. तुमी पोरीवाले. क्षयाच्या घरात पोरगी देताल का, म्हणलं."

दादा हसायला लागला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यात पाणी आलं. या वेळी तो खरोखरच डोळ्यांनी हसत होता. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, आत या आधी, मग हसा."

आत व्याह्यांनी इन्सुलिन वाढवायला लगेच हो म्हटलं. त्यांना ते आधीच सुरू झालेलं होतं. सदरा वर करून त्यांनी पोटावरची जागा दादाला दाखवली. "मुंगी चावल्यावानी हाय. मी माजा मीच टोचून घेतो."

दादानं ती जागा नीट निरखली. बैल घेताना दात बघतो तसं. मग डॉक्टरांना म्हणाला, "मुलाकडचे घेत्यात, तर मुलीकडच्यांनी मागं ऱ्हावं हे दिसाया बरं न्हाय. लावा."

मी, वहिनी, पुतणी आणि दोन डॉक्टरांनी मिळून जे जमलं नाही ते असं मानापानावर जमलं. त्यानंतर रोज सकाळी माकणीचा फोन यायचा. दोघं उपाशीपोटीची शुगर एकमेकांना सांगायचे, आणि ज्याची जास्त असेल तो दिवसभर गप्प. एकदा दादानं आकडा कमी करून सांगितला. मी शेजारीच होतो. मी फोनवर ओरडून खरा आकडा सांगितला. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, पण त्यानं आत्याचे उरलेले लाडू स्वतःच्या हातानं शेळीला घातले.

पुढच्या तपासणीत दादाचा बेडका साफ आला. गोळ्या अजून चालूच ठेवायच्या होत्या, पण डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दादानं तिथूनच माकणीला फोन लावला.

"पाव्हणं, आमचं साफ आलं."

पलीकडून आधी खोकला ऐकू आला. मग, "आमचं अजून यायचंय. पर तुमी साखरपुडा धरा. मी लांब बसंन."

"लांब बसून कुठं व्याही होतंय व्हय? तुमचं साफ येऊ द्या. मग धरू."

साखरपुडा पुढे गेला तशी गावात चर्चा सुरू झाली. संध्याकाळी दुकानदार आला. मागे आणखी दोनतीन शुगरवाले, मास्क हनुवटीवर ओढलेले. "दादा, का पुढं ढकललं? काय बिनसलं का?"

वहिनींनी तोंड उघडलं. मला पुढचा शब्द माहीत होता. पण दादानं हात वर केला.

"टीबी हाय," तो म्हणाला. "मला बी, व्याह्यांला बी. माजा आता साफ आलाय, त्यांचा व्हायचाय. शुगर हाय म्हणून बरा व्हायला येळ लागला. त्यांचा झाला की साखरपुडा."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, इतक्या महिन्यांनी या घरात खरा आकडा एकदाचा मोठ्यानं सांगितला गेला.

दुकानदारानं दादाकडे बघितलं, बाजेकडे बघितलं, शेळीकडे बघितलं. मग तो मोठ्यानं हसला.

"जावा तिकडं! टीबी म्हणं. आमाला काय येडं समजता? मास्क आमी बघितला, शेळी आमी बघितली, पेटी आमी बघितली. समदं शुगरचं हाय. पेटी वाटून घ्यायला नको म्हणून टीबीचं नाव घेता व्हय?"

दादानं केसपेपर दाखवला. दुकानदारानं तो बघितलाही नाही. "असले कागद लई बघितलेत," म्हणाला.

जाताना तो फाटकाशी थांबला. "खरंच बरं वाटतंय ना आता?"

"वाटतंय," दादा म्हणाला.

"मग ही शेळी आठवडाभर आमच्याकडं द्या की. माजी परवा दोनशे साठ आलीय."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी उठून शेळीचं दावं सोडलं.